धुळीकडून चिखलाकडे

सोलापूरहून पश्चिमेला निघालं की पाऊस कुठे वाढत जातो ते आभाळाकडे न बघताही कळतं. आधी काळी रानं आणि त्यात दिवाळीनंतर गुडघ्याला लागलेली मालदांडी ज्वारी. मग पिलीव-म्हसवडकडचे बोडके, मुरमाड माळ आणि त्यांवर पांगलेली मेंढरं. कोरेगावजवळ पुन्हा हिरवं शिवार, आणि सातारा ओलांडला की लाल जांभा, त्यावर चढलेलं शेवाळ, वळणावळणाला झिरपणारं पाणी. एकट्या सातारा जिल्ह्यात पूर्वेच्या माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिमेला महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर. हा फरक मी पुस्तकात वाचला होता. तो डोळ्यांनी बघायचा तर सावकाश जायला हवं, आणि सावकाश जायला आमच्या जीपइतकं चांगलं वाहन दुसरं नाही.

महिंद्राची एमएम ५४०, नव्वदच्या दशकातली. बोनेटखाली प्यूजोच्या बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद ६२ अश्वशक्ती. आजच्या मधल्या आकाराच्या मोटारींमध्येही याहून जास्त ताकद असते. पण ही ताकद चार चाकांत वाटता येते, आणि छोट्या लिव्हरने तिला ‘लो’मध्ये घातलं की चाकं माणसाच्या चालीने फिरतात आणि दगडांवरून चढतात. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-पंचावन्नच्या वेगाला इंजिन एका सुरात लागतं आणि तासन्‌तास त्याच सुरात चालतं. उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि फडाकडे बिऱ्हाडासकट निघालेले ऊसतोड कामगार यांच्याच चालीने आपणही जातो. मोहोळपासून पंढरपूरपर्यंत एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतली पोरं आमच्याकडे बघून हात हलवत होती. आम्ही चहाला थांबलो की ती पुढे जायची, आम्ही निघालो की पुन्हा गाठ पडायची. वेगाने जाणाऱ्याला अशी ओळख होत नाही.

गाडी माझी आणि धाकट्या भावाची, दोघांच्या नावावर नसली तरी दोघांच्या हाताखालची. आमचा रविवार तिच्याच खाली जातो. अंगणात जुनी सोलापुरी चादर अंथरायची, पाठीवर सरकत आत जायचं आणि ग्रीस गन घेऊन एकेक निपल गाठायचा. पाट्यांच्या शॅकलच्या पिना, स्टिअरिंगचे एंड, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. निपलवरची माती आधी चिंधीने पुसायची, नाहीतर ग्रीसबरोबर तीच आत जाते. मग गन दाबत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग सांध्याच्या कडेने काळं, कडक झालेलं, वाळू मिसळलेलं जुनं ग्रीस हळूहळू बाहेर यायला लागतं, आणि त्याच्यामागून नवं, मधाळ रंगाचं ग्रीस डोकावलं की त्या सांध्याचं काम झालं. ते काळं ग्रीस बोटावर घेऊन चोळलं की मागचा प्रवास कळतो. कणकण लागले तर धूळ, गंजाचा लालसर रंग दिसला तर पाणी.

सोलापूरच्या गाडीचा वैरी धूळ. आमच्या जीपला कागदी एअर फिल्टर नाही, ऑइल बाथ आहे. आत येणारी हवा तेलाच्या थरावरून वळते, धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा इंजिनात जाते. उन्हाळ्यात ते भांडं उघडलं की तळाला बोटभर गाळ निघतो. हे भांडं कसं धुवायचं, तेल कुठल्या रेषेपर्यंत भरायचं, हे मला आमच्या उस्तादांनी शिकवलं. त्यांचं गॅरेज म्हणजे सोलापूरच. पोरांशी दखनीत, गिऱ्हाइकाशी तेलुगूत नाहीतर कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलणारे उस्ताद गाडीशी मात्र बोलत नाहीत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरतात आणि ऐकतात. बाईमाणूस पाना हातात घेऊन उभं आहे याचं त्यांनी कधी नवल केलं नाही. ‘बोल्ट आडवा चढला की आटे जातात, आधी हातानं फिरवा, मग पाना लावा,’ एवढंच ते पहिल्यांदा म्हणाले आणि काम माझ्या हातात दिलं.

या वयाच्या गाडीला सरकारी पायऱ्याही चढाव्या लागतात. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पुन्हा नोंदणी, ती पाच वर्षांची, आणि सोबत पर्यावरण कर. तो कर मला योग्य वाटतो. जुनं डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडतं, हे खरं आहे. म्हणून आम्ही नोझल वेळच्या वेळी तपासून घेतो, आणि शहरातल्या रोजच्या कामाला जीप काढत नाही. जिथे तिच्याखेरीज जाता येत नाही, तिथेच तिला नेतो.

म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेऊन पुढे गोंदवल्याला थांबलो. महाप्रसादाच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेल्यांत मेंढपाळ होते, पुण्याहून आलेली कुटुंबं होती, ट्रकचा क्लीनर होता. वाढणारे घाई करत नव्हते, पण कुणाचं पान रिकामंही राहत नव्हतं. आमच्या दुष्काळी टापूत पाण्याचा पेला देण्याची रीत मी लहानपणापासून बघत आले आहे. पाहुणा ओसरीवर टेकायच्या आत तांब्या येतो, आणि पाहुण्यानेही प्यायचं तेवढंच ओतून घ्यायचं असतं. उरलेलं पाणी अंगणात फेकणं हा आमच्याकडे उद्धटपणा. माण-खटावातही तेच. दहिवडीच्या टपरीवर चहा घेतला तेव्हा मालकाने ग्लास विसळलेलं पाणी बादलीत साठवलं होतं. संध्याकाळी ते कडुनिंबाच्या रोपाला जाणार होतं.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला लागलो. फुलांचा हंगाम संपला होता. ऑगस्ट ते ऑक्टोबर इथे माणसांची रीघ असते; आता पठारावर वाळलेलं सोनेरी गवत, वारा आणि थोडे गुराखी. पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं त्यांत कास आहे. गाडी कडेला लावून मी जांभ्यावर उकिडवी बसले. खडकावर मातीचा थर किती असावा? बोटाच्या पेरापेक्षा कमी. त्या पेरभर मातीत पावसाळ्यात सीतेची आसवं उगवतात, कीटक खाणारी दवबिंदू फुलते. आमच्या काळ्या रानात नांगराचा फाळ हातभर खाली जातो आणि माती संपत नाही. इथे एखाद्या जड चाकाने एकदा घसरा दिला तर खडक उघडा पडतो, आणि तो पुन्हा झाकायला किती पावसाळे लागतील ते सांगता येत नाही. चार चाकांत ताकद असलेल्या गाडीला पठारावर सहज चढता येतं. म्हणूनच तिच्या मालकाने डांबराची कड सोडायची नाही. हा नियम पाटीवर लिहिलेला आहे. तो मनात असायला हवा.

कासहून उतरताना पहिल्यांदा शिवसागर दिसला. कोयनेचं पाणी डोंगरांच्या प्रत्येक घडीत शिरलं आहे, त्यामुळे किनारा कुठे संपतो ते कळत नाही. सोलापूरच्या माणसाला उजनीचं रुंद, उघडं पाणी ठाऊक असतं. इथलं पाणी झाडीतून वळणं घेत जातं आणि त्याच्या दोन्ही अंगांना वस्त्या टांगल्यासारख्या दिसतात. १०५ टीएमसीचं हे धरण. त्याचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला कोकणात सोडलं, त्यातून वीज झाली, राज्य उजळलं. खोऱ्यातली गावं मात्र वर सरकली किंवा कायमची उठली. आणि राहिलेल्या घरांतले कर्ते हात मुंबईला गेले, गोदीत, गिरणीत, बाजारात ओझी उचलायला. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या कष्टांवर उभा राहिला त्यांत या डोंगरांतली माणसं मोठ्या संख्येने होती. पाणीही पश्चिमेला, माणसंही पश्चिमेला. मागे राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि वाटा.

बामणोलीच्या धक्क्यावर लाँचा उभ्या होत्या. इथे बाजार, दवाखाना, शाळा सगळं पाण्यापलीकडे असतं, म्हणून लाँच हीच एसटी. पिठाच्या पिशव्या, रॉकेलच्या जुन्या डब्यांत भरलेलं डिझेल, एक शेळी आणि परीक्षेला निघालेली दोन मुलं अशी एक लाँच सुटताना बघितली. पुलांची कामं चालू आहेत, आणि ती झाली की इथला दिवस बदलेल. आम्हाला अजून तराफा होता. लोखंडी फळ्यांवरून जीप चढवताना तराफेवाल्याने हाताने खुणा करत गाडी इंचाइंचाने पुढे घेतली, चाकांना दगड लावले आणि मला विचारलं, ‘ताई, गिअरमध्ये ठेवली न्हवं?’ हॅण्डब्रेकवर त्याचा भरवसा नव्हता. बरोबर होतं त्याचं. जुन्या गाडीचा हॅण्डब्रेक ओढून शिवाय गिअरमध्ये ठेवावी, ही इथल्या चढउतारांनी शिकवलेली रीत. आमच्या सपाट मुलखात गाडी कुठेही सोडली तरी जागची हलत नाही.

पलीकडे डांबर थोडंच आहे. पुढच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईल. डांबर संपलं तिथे भावाने उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून लॉक केले, मी लिव्हर टाकली आणि टायरमधली हवा थोडी कमी केली. कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडायची नसतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि या जीपमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जात असल्याने तो फरक कुठेच मोकळा होत नाही. ताण सगळा गिअरवर येतो. मातीत चाकं थोडी घसरून तो ताण स्वतःच सोडवतात. कमी हवेचा टायर जमिनीवर रुंद पसरतो, त्यामुळे पकड वाढते आणि चाकोरी खोल जात नाही. उतारावर तर सगळं काम पहिल्या गिअरचं. ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनाच्या अडवण्यावरच गाडी उतरू द्यायची. वाटेत ओढा लागला तर पार झाल्यावर थोडं अंतर ब्रेक हलकासा दाबून ठेवायचा, कारण ड्रममध्ये पाणी शिरलं की लायनर ओले होतात आणि हवा तेव्हा ब्रेक लागत नाहीत.

दुसऱ्या वळणावर एक वडाप, म्हणजे गावोगावी प्रवासी नेणारी जीप, उभी होती. माणसं उतरून बांधावर बसलेली, रेशनची पोती खाली काढलेली, बोनेट उघडं. ‘हवा धरली,’ ड्रायव्हर दादा म्हणाले. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंपापर्यंत तेल पोचत नाही आणि इंजिन बंद पडतं. नव्या गाडीला अशा वेळी टोचनगाडीच बोलवावी लागते. दादांनी फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला केला आणि अंगठ्याने हातपंप दाबायला लागले. आधी नुसता फेस आला. मग फेसातून डिझेल, मग डिझेलात एखाददुसरा बुडबुडा, मग सलग धार. स्क्रू आवळला. एका पोराला स्टार्टर मारायला बसवलं आणि नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करत गेले. प्रत्येक नळीतून डिझेलची पिचकारी उडली की तो नट बंद. तिसऱ्या नळीला इंजिन खोकलं, चौथ्याला चालू झालं. त्यांच्या हातात घाई नव्हती आणि एकही हालचाल फुकट नव्हती.

पण हवा शिरली कुठून? नळीच्या जोडावर तांब्याचं वायसर कडक झालं होतं, तिथून डिझेल पाझरत होतं. आमच्या डब्यात त्याच मापाचं नवं होतं, ते मी दिलं. दादांनी जुनं फेकलं नाही, खिशात टाकलं. ‘चुलीत लालबुंद करायचं आन्‌ पाण्यात सोडायचं. पुन्यांदा मऊ हुतंय.’ तांबं तापवून थंड केलं की नरम पडतं, हे मला शाळेत कुणीतरी सांगितलं असेल. कामी कसं येतं ते त्या वळणावर कळलं. पैशांचा विषय दोन्हीकडून निघाला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘दोन म्हाताऱ्या न्याल का वरच्या आळीला? माझ्या गाडीत लई दाटी झालीय.’

दोघी मागे बसल्या आणि पोती मांडीवर घेतली. निघाल्या निघाल्या चौकशी सुरू झाली. गाव कुठलं, माहेर कुठलं, हा दीर का भाऊ, सोलापुरात पाणी येतं का. गाडी मीच चालवते हे बघून थोरली म्हणाली, ‘आमच्या सुनंलाबी शिकवा की.’ गंमत म्हणून नव्हे. तिची सून लांबच्या वस्तीवरून पोराला दवाखान्यात नेताना लाँचच्या वेळेला अडकते. चालवणारं माणूस घरातलं असतं तर रात्रीअपरात्री निघता आलं असतं. आमच्या शहरात बाईने जीप चालवणं ही आवडीची गोष्ट समजतात. इथे तिला गरज दिसली, आणि तिने ती सरळ सांगितली.

ही वाहनं या डोंगरात आली तीही गरज म्हणूनच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीजने बांधलेली जीप युद्धानंतर जगभर शेतात आणि कच्च्या रस्त्यांवर उतरली. १९४५ मध्ये सुरू झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने तिची जुळणी मुंबईत सुरू केली. पुढे तिच्याच वंशातली वाहनं खात्यांत, कारखान्यांत, पोलिसांत गेली, आणि तिथून जुनी होऊन साताऱ्या-सांगलीच्या वडापांत. खेडोपाडी ती टिकली ती दिसण्यामुळे नाही. जो पाना ट्रॅक्टरला लागतो तोच तिला लागतो, आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. उघडून बघता येईल असं यंत्र गरिबाला परवडतं, कारण त्याचं ज्ञान विकत घ्यावं लागत नाही. शेजाऱ्याकडून शिकता येतं.

मुक्काम त्या दोघींतल्या धाकट्या मावशींच्या घरी. कौलारू घर, शेणाने सारवलेली पडवी, मागच्या अंगाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळीने आणलेलं, रात्रंदिवस वाहणारं. मी सवयीने तो नळ बंद करायला तोटी शोधत होते. तोटी नव्हतीच. घरातले आबा म्हणाले, ‘वाहू द्या, खाली वाफ्याला जातंय.’ पाय धुवायला कढत पाणी मिळालं, तेही घंगाळभर. जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि नव्या तांदळाचा भात. त्या भाताला धान कापल्याचा वास अजून होता. मी डबा उघडून आमची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला, आवाज ऐकला आणि नवलाने विचारलं, ‘ही किती दिस राहती?’ कित्येक दिवस, मी म्हटलं. ‘हितं एका रातीत मऊ पडंल. पावसात तर आमचा पापडबी वाकतो.’ कोरड्या मुलखाने टिकणारी भाकरी शोधली, ओल्या मुलखाने रोजची ताजी. ज्वारी आणि नाचणी एकाच ताटात बसल्या, आणि आबांनी शेंगाचटणी भातावर घेऊन वर तेलाची धार मागितली.

आबा वाशीच्या बाजारात माथाडी होते. पोरंही तिकडेच आहेत. सोलापूर म्हटल्यावर ते थोडे थांबले. धरण झालं तेव्हा उठलेल्या लोकांना ठिकठिकाणी जमिनी मिळाल्या. त्यांच्या भावकीतलं एक घर सोलापूर जिल्ह्यात गेलं. ‘पयल्या उन्हाळ्यात रडली म्हणं ती मानसं. सावलीच न्हाई.’ मी ज्या मुलखाला घर म्हणते तो कुणाला तरी शिक्षेसारखा वाटला होता, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या लोकांनीही पुढे ज्वारी पेरली असेल, कडक भाकरी शिकले असतील, पाणी मोजून वापरायला लागले असतील. आज आम्ही ज्या पाण्याला सुंदर म्हणत आलो त्याच्या तळाशी त्यांचे उंबरे आहेत.

मग रस्त्याचा विषय निघाला. पावसाळ्याच्या शेवटी शहरातल्या गाड्यांचा एक तांडा आला होता. मोठमोठे टायर, चिखलात चाकं गरागरा फिरवून गाड्या बाहेर काढायच्या, त्याचं चित्रीकरण करायचं. ओढ्याच्या उतरणीला त्यांनी हातभर खोल चर पाडले. गाड्या गेल्या, चर राहिले, पुढच्या सरीचं पाणी त्याच चरांतून धावलं आणि कडेचा बांधच वाहून गेला. दोन आठवडे वडाप वरच्या आळीला येत नव्हती. एका बाळंतिणीला डोलीतून खाली नेलं. आबा हे चिडून सांगत नव्हते. पाहुण्यांना असं काही सांगावं लागतं याचाच त्यांना संकोच वाटत होता. गावाचं नाव मी लिहीत नाही ते यासाठी.

सकाळी त्याच ओढ्यावर श्रमदान होतं. आदल्या दिवशी वाटेत भेटलेले वडापवाले दादा पहार घेऊन आले, बायकांनी फावडी आणि घमेली आणली. दगड वरच्या वळणापाशी पडलेले होते. ते डोक्यावरून आणायचे तर दिवस गेला असता. जीपचं मागचं फळकूट खाली पाडलं, बाकडी काढली आणि दगड भरायला सुरुवात केली. भावाने पहिला मोठा धोंडा उचलायला हात घातला तेव्हा आबांनी त्याला थांबवलं. ‘कंबर न्हाई वाकवायची. गुडघं वाकवा. वजन छातीशी घ्या, मग उठा.’ उभी हयात पोती उचललेल्या माणसाचं ते शास्त्र होतं. त्यांनी स्वतः एक दगड उचलून दाखवला, शांतपणे, श्वास न चुकवता.

भरलेली जीप लोमध्ये, पहिल्या गिअरला, उतरणीवरून खाली आली. मी क्लचवरून पाय काढून घेतला आणि तिला तिच्या चालीने येऊ दिलं. चाक एकदाही घसरलं नाही. दादा समोर उलटे चालत हाताने डावं-उजवं दाखवत होते, कारण कडेची माती अजून पोकळ होती. खाली आल्यावर तळाला मोठे धोंडे बसवले, त्यांच्या सांदीत चिपा ठोकल्या, वर मुरूम टाकून पाय आपटून दाबला. मग दादांनी सगळ्यांत महत्त्वाचं काम काढलं. डोंगराच्या अंगाला तिरका चर खणून पाण्याला रस्त्याबाहेर वाट करून दिली. ‘रस्ता गाडीनं जात न्हाई, पान्यानं जातो. गाडी फकस्त पान्याला वाट दावती.’ रस्ताबांधणीचं याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. दुपारपर्यंत वडाप रिकामी वर जाऊन आली, मग भरून गेली.

परतीला निघण्याआधी आम्ही मागच्या हौसिंगचा खालचा बोल्ट सैल करून तेलाचा थेंब बघितला. गरम हौसिंग थंड पाण्यात शिरली आणि तिचा हवेचा व्हॉल्व्ह चिखलाने बुजलेला असला, तर ती सीलमधून पाणी आत ओढते आणि तेल पांढुरकं पडतं. थेंब स्वच्छ होता. भावाने व्हॉल्व्ह तारेने साफ केला, पायपंपाने टायर भरले, हब मोकळे केले. मावशींनी नाचणीचं पीठ बांधून दिलं आणि ओलीला हे टिकणार नाही, तुमच्याकडे टिकेल, म्हणून वाळवलेला घेवडाही दिला.

कासच्या चढावरून मागे वळून न बघता मी गाडी चालवत होते, कारण मनात हिशेब चालू होता. इतकी वर्षं आम्ही रविवारी चादरीवर पडून या गाडीचा प्रत्येक सांधा जपला. झिजणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये ग्रीसचा थर असला पाहिजे, हे आम्हाला हातांनी कळलं होतं. चाक आणि वाट हीसुद्धा एकमेकांवर झिजणारी जोडी आहे, आणि त्यातली वाट आपल्या मालकीची नाही. तिच्यावर कुणाचं रेशन येतं, कुणाचं पोर दवाखान्यात जातं. आपण तिथे ताकद घेऊन जातो, तेव्हा ती ताकद दाखवण्याची जागा नाही. ती हळू चालण्यासाठी आणि ओझं वाहण्यासाठी दिलेली आहे. लो गिअर बनवणाऱ्यांनी तो युद्धभूमीवरच्या आणि शेतातल्या ओझ्यासाठीच बनवला होता. चिखलातला थरार खोटा नाही, मलाही तो आवडतो. पण चाक गरागरा फिरलं की थरार आपल्याला मिळतो आणि त्याची किंमत दुसरं कुणीतरी देतं. न घसरता चढणं याला जास्त कसब लागतं, जास्त लक्ष लागतं, आणि माझ्या अनुभवात आनंदही त्यातच जास्त आहे.

सोलापुरात जुन्या जीप बाळगणारी आणखी काही मंडळी आहेत. पुढच्या पावसाळ्यानंतर, भात कापणी उरकली की, त्यांना घेऊन खोऱ्यात जायचं ठरलं आहे. तारीख आबा आणि वडापवाले दादा ठरवतील, काम तेच दाखवतील. पाण्याची वाट आधी, मग रस्ता. थोरल्या मावशींची सून त्या वेळी गाडी शिकणार आहे. आमच्या जीपच्या जड क्लचवर पाय बसला की वडापचा तिला जड वाटणार नाही. प्रत्येक गाडीत एक पहार, दोन घमेली आणि तांब्याच्या वायसरांची पुडी असावी, आणि निघण्याआधीच्या रविवारी प्रत्येकाने आपापले ब्रेकचे ड्रम उघडून बघावेत, एवढ्याच अटी मी सगळ्यांना घातल्या आहेत.